कांगा लीग भर पावसात का खेळवली जाते, आणि तिचा कारभार कोणाच्या हाती असतो?

मी कांगा लीगमध्ये खालच्या गटातून काही हंगाम खेळलो आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर अनुभवावरून देतो.

क्लब क्रिकेटची ही स्पर्धा १९४८ साली मुंबईत सुरू झाली. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातले पारशी क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांचे नाव तिला देण्यात आले. कल्पना भारताचे कसोटी फलंदाज विजय मर्चंट यांची मानली जाते. इंग्लंडमधल्या ओल्या खेळपट्ट्यांवर आपल्या फलंदाजांची फजिती होऊ नये, म्हणून पावसाळ्यातले रविवार आणि न झाकलेली खेळपट्टी हाच सराव ठरला. मात्र अशा क्रिकेटने तंत्र घडते, हे मला अर्धेच पटते. चेंडू एकदा छातीवर उसळतो, तर पुढचा घोट्याशी बसतो. म्हणून तो शेवटपर्यंत पाहून उशिरा खेळण्याची सवय लागते, हे खरे. परंतु गवत इतके वाढलेले असते की उत्तम सरपटी फटकाही पंधरा पावलांत अडकतो आणि सज्जन फलंदाजालाही चेंडू उचलून मारावा लागतो. तीस धावा केलेला माणूस तंबूत शतकवीरासारखा परततो. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी, १९८४ मध्ये, जॉन ब्राइट क्लबकडून याच चिखलात उतरला होता.

कारभार १९३० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई क्रिकेट संघटनेकडे आहे. ए ते जी असे सात गट, प्रत्येक गटात चौदा संघ, एका दिवसात दोन डावांचा सामना आणि निकाल लागला नाही तर पहिल्या डावाच्या आघाडीला महत्त्व, अशी साधारण रचना आहे. वरचे संघ बढती मिळवतात, तळाचे खालच्या गटात जातात.

खरी सत्ता मात्र गुणतक्त्यात नसून मतदारयादीत असते. संघटनेचे सभासद म्हणजे तीनशेहून अधिक क्लब आणि संस्था, आणि पदाधिकारी त्यांच्याच मतांवर निवडून येतात. क्रिकेट प्रशासनात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केल्यानंतर सत्तर वर्षांची वयोमर्यादा आली, पदांवरील सलग मुदतीला लगाम बसला आणि माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाही मताचा अधिकार मिळाला. परंतु वर्षानुवर्षे रविवारी चिखलात उभा राहणारा साधा क्लब-खेळाडू या यादीत नाही. त्याच्या वतीने क्लबने नेमलेला प्रतिनिधी मत देतो. माझ्या तेव्हाच्या क्लबचे मत ज्या गृहस्थांच्या हाती होते, त्यांना मी मैदानावर एकदाही पाहिले नाही.