पेशीपटल चाळणीसारखे असते, तर त्यातून सोडियम का जात नाही?

आपला प्रश्न असा आहे की, पेशीपटलाला चाळणीची उपमा दिली जाते, मग ग्लुकोजपेक्षाही लहान असलेला सोडियमचा आयन त्यातून का जात नाही आणि स्टेरॉइडचा मोठा रेणू मात्र सहज कसा जातो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि ही उपमा मीही बरीच वर्षे वर्गात वापरली. आता वापरत नाही, कारण चाळणी आकार पाहते, तर पेशीपटलाचा मूळ थर पदार्थ तेलात मिसळणारा आहे की नाही, हे पाहतो.

हा थर फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचा असतो. प्रत्येक रेणूच्या डोक्याला पाणी मानवते आणि त्याच्या दोन शेपट्यांना ते मानवत नाही. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दोन पदरांत उभे राहतात, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे. प्रथिनांसह धरूनही ही जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर भरते. सोडियमचा आयन आकाराने लहान असला तरी त्यावर विद्युतभार असतो आणि पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढून असतात. ते वेढे सोडून तेलात शिरणे त्याला ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि स्टेरॉइड यांना ही अडचण नसते.

पदर दोनच आहेत हे कळले तो प्रसंग मला फार आवडतो. १९२५ मध्ये हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरवला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. पुढे लक्षात आले की त्यांनी मेद पुरता काढला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि उत्तर बरोबर आले!

‘पटल’ या शब्दामुळे काहीतरी ताठ डोळ्यांसमोर येते, तेही खरे नाही. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली, तेव्हा दोघींच्या पृष्ठभागावरील प्रथिने ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी मांडलेल्या प्रतिमानाच्या नावात ‘तरल’ हे विशेषण आहे, ते याच गुणामुळे.

तेलातून जे जाऊ शकत नाही त्याची ने-आण प्रथिने करतात. पाणी थोडेफार थरातूनही झिरपते, पण घाईच्या ठिकाणी त्याला ॲक्वापोरिन नावाची वेगळी वाट असते. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सोडियमला बाहेर ठेवणारा पंप मात्र ऊर्जा खर्च करतो: एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाच्या) एका रेणूमागे ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. त्यामुळे बाहेर जास्त असलेले सोडियम आत शिरू पाहते, आणि या खटाटोपाचा फायदा आतड्यात दिसतो. तेथील एक वाहक प्रथिन ग्लुकोजला सोडियमसोबतच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीमध्ये शरीरातील पाणी झपाट्याने जात असतानाही हा वाहक चालू राहतो, म्हणून जलसंजीवनीत मीठ आणि साखर दोन्ही लागतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने असंख्य रुग्ण वाचवले.

पटलाचे काम घरी पाहायचे असेल तर बीट घ्यावे. त्याचा लाल रंग पेशीच्या आतील रिक्तिकेत (स्वतःचे पटल असलेल्या रसाच्या पिशवीत) असतो, म्हणजे बाहेर येण्यासाठी त्याला दोन पटले ओलांडावी लागतात. एका वाटीत साधे पाणी आणि दुसरीत हात घालवणार नाही इतके गरम पाणी घेऊन दोन्हींत सारख्या फोडी टाकाव्यात. पहिले पाणी बराच वेळ जवळपास स्वच्छ राहते आणि दुसरे काही मिनिटांत लाल होते, कारण उष्णतेने पटलांची घडी विस्कटते. मात्र सुरीने फुटलेल्या पेशींचा रंग आधीच सांडलेला असतो, तेव्हा फोडी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्याव्यात, नाहीतर दोन्ही वाट्या लाल दिसतील.