गाणं संपल्यावर कसं वाटतं?

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. जिवलग मैत्रिणीशी बिनसल्यापासून ती रोज दार लावून घेते आणि तेच एक रडवेलं गाणं तासन्‌तास ऐकते. मी आनंदी गाणी लावली की भडकते. तिचं हे ऐकणं थांबवू का?

उत्तर : थांबवू नका, आणि आनंदी गाणीही लावू नका. मन भरून आलेलं असताना उडत्या चालीचं गाणं कानावर पडलं की ‘माझं दुःख कुणाला कळतच नाही’ असंच वाटतं. ती भडकते ते त्यामुळे. मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४०च्या दशकात मांडलेलं एक तत्त्व संगीतोपचारात आजही वापरतात : आधी मनाच्या आत्ताच्या अवस्थेशी जुळणारं संगीत, मग तिथून हळूहळू हव्या त्या अवस्थेकडे नेणारं.

आता तासन्‌तास एकच गाणं ऐकण्याविषयी. त्यात ती रडून मोकळी होत असेल किंवा तेच तेच उगाळत असेल. दाराबाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. फरक कळतो तो गाणं थांबल्यावर. तिला सांगा, ऐकण्याआधी मनावरच्या ओझ्याला ० ते १० मधला एक आकडा दे, २० मिनिटं ऐकून झाल्यावर पुन्हा दे. आठवडाभर ते आकडे तिने स्वतःच्या वहीत लिहावेत. ती वही तुम्ही मागू नका. आकडा उतरत असेल तर गाणं तिला आधार देतंय. तिथेच अडकला किंवा चढला, तर गाणं रोज खपली काढतंय.

तसं असेल तर तिने ६ ते ८ गाण्यांची, २५-३० मिनिटांची यादी करावी. ती तिनेच करायची, आणि मन बरं असतानाच. रडू फुटलेलं असताना निवड जमत नाही. सुरुवातीला तिचं ते गाणं असू दे, फक्त एकदा. त्यानंतर त्याच जातकुळीचं दुसरं. मधली दोन-तीन साधारण तेवढ्याच संथ लयीची, पण शब्द जरा मोकळे असलेली किंवा नुसत्या वाद्यांची. शेवटची दोन-तीन तिला जिथे पोचायचंय तिथली. ती आनंदीच हवीत असं मुळीच नाही, शांत असली तरी पुष्कळ.

यादी फसते ती बहुधा मधल्या टप्प्यात. घाईने तिसरंच गाणं नाचाचं येतं आणि मन मागे राहतं. मैत्रिणीबरोबर ऐकलेलं गाणं शेवटी ठेवलं, तर चाल कितीही गोड असो, जखम पुन्हा उघडते. आणि ॲपमधली आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंदच करा. ॲप आवडीसारखंच आणखी सुचवत जातं, म्हणजे यादी संपली की पुन्हा रडवेली गाणी सुरू.

तुमच्याकडून एकच करा. ‘मला ऐकवशील?’ असं विचारा, पूर्ण ऐका आणि ‘यातली कोणती ओळ तुला लागते?’ एवढंच म्हणा. ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबा.

प्रश्न : आमचा १६ वर्षांचा मुलगा चिडला की कानठळ्या बसवणारं मेटल संगीत लावतो. त्याने राग वाढत नाही का?

उत्तर : आवडीने ऐकणाऱ्यांचा सहसा वाढत नाही. ऑस्ट्रेलियात लीआ शर्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १८ ते ३४ वयाच्या ३९ मेटलप्रेमींना आधी राग येईल असं बोलतं केलं. मग काहींनी १० मिनिटं हे संगीत ऐकलं, काही शांत बसले. चिडचिड दोन्ही गटांत उतरली. मात्र वाढलेले हृदयाचे ठोके शांत बसलेल्यांमध्ये कमी झाले. संगीत ऐकणाऱ्यांमध्ये आणखी वाढले नाहीत, पण चढेच राहिले. तुमचा मुलगा त्यांच्याहून लहान आहे, तरी यातून घेण्यासारखं आहे : राग निवळला तरी शरीर तापलेलंच असू शकतं. म्हणून दोन-तीन जोरकस गाण्यांनंतर एखादी संथ धून आणि ५ मिनिटं गुणगुणणं असू द्या : नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, मग ६ मोजेपर्यंत ‘म्‌’ असा सूर लावत बाहेर. गरगरलं तर नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

खरी काळजी कानांची करा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. ऐकल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो जास्त होता.

प्रश्न : माझी भाची (वय १४) हल्ली मरणाविषयीच्या गाण्यांच्या ओळी स्टेटसला ठेवते. वयाचा परिणाम म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : सोडून देऊ नका. ओळ नुसती आवडलेलीही असू शकते, पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही. एकांतात, सरळ शब्दांत विचारा : ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ आलं, हातावर स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या किंवा तिने वस्तू वाटून टाकायला सुरुवात केली, तर गाण्यांच्या याद्या बाजूला ठेवा. त्याच दिवशी आई-वडिलांना सांगा, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, घरातली औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि तोवर तिला एकटं सोडू नका. ‘नाही’ आलं, तरी उदासी, झोप-भूक बिघडणं, आवडत्या गोष्टी टाळणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तज्ज्ञांना दाखवाच.