फ्रेंच वाइन: आधी लेबल वाचायला शिका

फ्रेंच लेबलवर बहुधा द्राक्षाचं नव्हे, प्रदेशाचं नाव असतं, हे आधी पक्कं करा. शाब्ली हा प्रदेश, तिथली पांढरी वाइन म्हणजे शार्दोने हे द्राक्ष. लाल बोजोले म्हणजे गामे, लाल बरगंडी बहुतेक पिनो न्वार. बोर्दोत मात्र द्राक्षांचं मिश्रण: तिथल्या नद्यांच्या डाव्या तीरावर काबेर्ने सोव्हिन्यों जास्त, उजव्या तीरावर मेर्लो. एवढं पाठ होईपर्यंत महागड्या ‘ग्रां क्रू’च्या (वरच्या दर्जाच्या मळ्यांच्या वाइन) वाटेला जाऊ नका.

सुरुवातीच्या दोन चुका हमखास होतात:

- लाल वाइन खोलीच्या तापमानाला पिणं. तो नियम युरोपातल्या थंड घरांचा. आपल्या ३० अंशांत नुसता अल्कोहोल नाकात जातो. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंश हवेत.
- ग्लास भरून ओतणं. एक तृतीयांश पुरे, वास साठायला जागा लागते.

पहिल्यांदा शाब्ली आणि बोजोले शेजारी ठेवूनच चाखा!