भारतात डेटा जगात स्वस्त म्हणतात, मग फक्त फोन घेणाऱ्या माझ्या आईच्या मोबाइलला दर २८ दिवसांनी १९९ रुपये का भरावे लागतात?

तुम्ही लिहिलंय की आई गावाहून ठाण्याला तुमच्याकडे राहायला आल्या, बटणांचा साधा फोन वापरतात, स्वतःहून फारसा कुणाला लावत नाहीत, नातेवाइकांचा आला तर घेतात. तरी दर २८ दिवसांनी १९९ भरा, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. मी ठाण्यातल्या लोकमान्य नगरला २००४पासून रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वागळे इस्टेटमधले कामगार, घरकामाला जाणाऱ्या मावश्या, पेन्शनवर जगणारे आजी-आजोबा हे माझं गिऱ्हाईक. त्यामुळे हा प्रश्न माझ्या काउंटरवर आठवड्यातून तीन-चार वेळा येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका वाक्यात सांगायचं तर जीबी स्वस्त झाला आणि नंबर चालू ठेवणं महाग झालं. बातम्यांत पहिलीच गोष्ट येते. ती खरीही आहे. दहा वर्षांपूर्वी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजावे लागायचे, आज सरासरी काढली तर दहाच्या आत येतो. आमच्या गल्लीतली पोरं मोबाइलवर स्पर्धा परीक्षेचे वर्ग बघतात, ते या दरामुळेच. पण जिला जीबी नकोच आहे, तिला या स्वस्ताईचा काय उपयोग?

मी दुकान टाकलं तेव्हा स्क्रॅच कार्डं विकायचो. नंतर लापू आलं, म्हणजे दुकानदाराचं रिचार्ज मारायचं सिम. मग दहा रुपयांचाही रिचार्ज व्हायला लागला. जीएसटी लागल्यावर दहाच्या रिचार्जला ७ रुपये ४७ पैसे टॉकटाइम मिळायचा, हा आकडा माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होता. त्याआधी २००५-०६मध्ये 'लाइफटाइम' आलं. ९९९ रुपये एकदाच भरा, इनकमिंग कायमचं फुकट. लोकांनी पैसे साठवून ती कार्डं घेतली. मी स्वतः समजावून सांगून विकली, आणि तेव्हा तो शब्द मला खरा वाटत होता.

आता यामागचं गणित बघा. फक्त फोन घेणारा माणूससुद्धा तेव्हा कंपनीला कमाई करून देत होता. एका कंपनीच्या नंबरवरून दुसरीच्या नंबरवर फोन गेला की लावणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक पैसे द्यायची. २०१५पासून हा दर १४ पैसे होता. मुलगा दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून आईशी अर्धा तास बोलला, तर आईच्या कंपनीला ४ रुपये २० पैसे मिळायचे, आईने एक पैसाही न भरता. म्हणून तिचं सिम वर्षानुवर्षं चालू ठेवणं कंपनीला परवडत होतं. ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, हा दर ६ पैशांवर आणला आणि १ जानेवारी २०२१पासून शून्य केला. नव्या नेटवर्कवर आवाजही इंटरनेटसारखाच जातो, खर्च नगण्य, मग वसुली कशाला, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता. पण त्या दिवसापासून फक्त फोन घेणारी आई कंपनीच्या वहीत नुसता खर्च म्हणून उरली.

त्याच काळात, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ आलं. कॉल फुकट, डेटाही सुरुवातीला फुकट. बाकीच्यांना दर पाडावे लागले आणि ज्यांना ते झेपलं नाही ते बुडाले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीकडे निघालात तर हा सगळा इतिहास ओळीने लागतो. घणसोलीला जिओचं मुख्यालय. पुढचं स्टेशन कोपरखैरणे, तिथे रिलायन्स कम्युनिकेशन्सचं, जी कंपनी २०१९मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यापुढे तुर्भे, तिथे टाटा टेलिसर्व्हिसेस महाराष्ट्र. एका सेकंदाला एक पैसा ही पद्धत २००९मध्ये टाटा डोकोमोनेच रुजवली होती, आणि त्यांचा मोबाइलचा धंदा २०१९मध्ये एअरटेलकडे गेला. लूप ही कंपनी २०१४मध्येच बंद झाली होती. एअरसेल, युनिनॉर, काय काय बोर्ड माझ्या दुकानावर लागले आणि उतरले. व्होडाफोन आणि आयडिया २०१८मध्ये एक झाल्या. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने परवाना शुल्काच्या थकबाकीचा निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि त्यांच्या डोक्यावर हजारो कोटींचं देणं आलं. सरकारला द्यायच्या पैशांतला काही भाग सरकारने शेअरमध्ये फिरवून घेतला, म्हणून आज त्या कंपनीत जवळपास ४९ टक्के हिस्सा सरकारचा आहे. आता देशातल्या चार मोबाइल ग्राहकांपैकी जवळपास तीन जण जिओ किंवा एअरटेलचे. दोघांनी दर वाढवले की तिसराही वाढवतो आणि गिऱ्हाईक जाणार कुठे?

सर्वांत स्वस्त रिचार्ज कसा चढत गेला, ते एअरटेलच्या आकड्यांवरून कळतं. नोव्हेंबर २०१८मध्ये ३५ रुपये. जुलै २०२१मध्ये ७९, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९. २०२३मध्ये १५५, तोही २४ दिवसांचा. जुलै २०२४पासून १९९. ३५चा आला तेव्हा लाइफटाइमवाले माझ्याकडे भांडायला आले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कंपन्यांचं म्हणणंही सांगतो. १९९मधले ३० रुपये जीएसटीचे. २०२२च्या ५जी लिलावात सगळ्यांनी मिळून दीड लाख कोटींची बोली लावली, टॉवर, वीज, फायबरचा खर्च वेगळा. हे सगळं मान्य. पण त्यांची नजर एका आकड्यावर असते, तो म्हणजे दर ग्राहकामागे महिन्याची सरासरी कमाई. २०२५च्या मार्चअखेर एअरटेलचा हा आकडा २४५ होता, जिओचा २०६. सरासरी वाढवायची एक सोपी रीत म्हणजे खालच्या माणसाला वर यायला लावणं, आणि तो येऊ शकला नाही तर त्याला गळू देणं. दोन्हींत आकडा सुधारतो. ट्राय का अडवत नाही, असं लोक विचारतात. मोबाइलचे दर कंपन्यांनीच ठरवायचे आणि सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचे, हीच पद्धत आहे. माझं ठाम मत आहे की कॉल घेण्यापुरतं सिम जिवंत ठेवायला शंभरच्या आतला एक दर ट्रायने सक्तीचा करायला हवा. तो अधिकार वापरण्याची वेळ केव्हाच आली आहे.

कारण नंबर आता चैनीचा राहिलेला नाही. घरकाम करणाऱ्या एक मावशी सुनेच्या बाळंतपणाला गावी गेल्या, मग तिथेच आजारी पडल्या, जवळपास वर्ष गेलं. रिचार्ज कुणी केला नाही. परत आल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घेऊन माझ्याकडे, "बघ रे, रेंजच येत नाही." मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला, तर कुणीतरी पुरुषाने उचलला. नंबर त्याला दिला गेला होता. मावशींच्या बँक खात्याला तोच नंबर, आधारला तोच, गॅस सिलिंडरचा डिलिव्हरी कोडही त्यावरच. ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होता. सगळीकडे नंबर बदलून घेईपर्यंत त्यांचे कामाचे पाच दिवस बुडाले, प्रत्येक दिवसाचा पगार कापला गेला. नव्वद दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्याला जातो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्या आईंसाठी काय करता येईल ते सांगतो. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्ज द्यायलाच हवेत. जानेवारी २०२५मध्ये कंपन्यांनी ते आणले. पहिल्यांदा आणले ते जवळपास जुन्याच दराचे, नुसता डेटा काढून घेतलेले. आम्ही हे तपासतो, असं ट्रायने म्हटल्यावर थोडे खाली आले. तेव्हा एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि वर्षाचा १८४९ होता, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १७४८. आजचा आकडा दुकानात विचारून घ्या. हे रिचार्ज अॅपमध्ये वरच दिसत नाहीत, खाली सरकत जावं लागतं. दुकानदारालाही "व्हॉइस ओन्ली, वर्षाचा" असं स्पष्ट सांगा. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावा लागतो. १९९ गुणिले १३ म्हणजे २५८७ रुपये. वर्षाच्या १८४९मध्ये तुमचे सातशेच्या वर वाचतात आणि महिन्याला साधारण १५४ पडतात. पैसे एकदम भरावे लागतात, हीच खरी अडचण. माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना ते जमत नाही, त्यांना मी ८४ दिवसांवर आणतो.

आईंना नातवंडांचे व्हिडिओ कॉल बघायची हौस असेल तर घरातल्या वायफायवर पुढेमागे जुना स्मार्टफोन द्या, सिम मात्र याच प्लॅनवर ठेवा. तुमच्याकडे वायफाय नसेल तर चौकशी करताना केबलवाल्याला एवढंच विचारा, की फायबर घरापर्यंत येते का नुसती इमारतीपर्यंत. ज्या बिल्डिंगमध्ये चांगली लाइन आलीय तिथे ती घेतलेली बरी. स्मार्टफोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं तर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या आमच्यासारख्या कमी रेंजच्या घरातही आवाज नीट येतो.

आईंचा नंबर गावचा असेल तर तो महाराष्ट्र सर्कलचा, सर्कल म्हणजे मोबाइल कंपन्यांचा सेवा विभाग. ठाणे, नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये येतात. पण या प्लॅनमध्ये रोमिंग धरलेलंच असतं, त्यामुळे नुसत्या सर्कलसाठी नंबर बदलू नका. बीएसएनएलचे दर कमी आहेत हे खरं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्यांचं देशी बनावटीचं ४जी सुरू झालं याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आपला भाग पूर्वीपासून एमटीएनएलचा, म्हणजे मुंबई-दिल्लीतल्या दुसऱ्या सरकारी कंपनीचा, आणि तिच्यावर कर्ज ३३ हजार कोटींच्या पुढे, त्यामुळे इथे रेंज कशी मिळेल याची खात्री देता येत नाही. म्हणून आधी कुणाचं तरी बीएसएनएलचं सिम आणून आतल्या खोलीत, स्वयंपाकघरात, आई बसतात त्या जागी रेंज बघा. आली तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला आईंच्याच फोनवरून १९००वर PORT, मग एक जागा सोडून त्यांचा नंबर, असा इंग्रजीत मेसेज पाठवा, चूक होईल असं वाटलं तर दुकानदाराकडून पाठवून घ्या. येणारा कोड चार दिवस चालतो, सर्कल तेच असेल तर तीन कामाच्या दिवसांत नंबर फिरतो, दुसरं असेल तर पाच.

आणि व्हॅलिडिटी संपायची तारीख पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून फोनच्या पाठीला लावा. वर्षाचं रिचार्ज करून जाणाऱ्या प्रत्येक आजीच्या फोनला मी ती लावतो, आणि तारखेच्या आठ दिवस आधी मी स्वतः फोन करतो.