झारच्या सैन्यातील कॉकेशसचे स्वार

प्रश्न : पहिल्या महायुद्धात रशियाच्या बाजूने कॉकेशसमधील मुस्लिम जमातींचे एक घोडदळ लढले आणि लोक त्याला ‘रानटी डिव्हिजन’ म्हणत, असे वाचनात आले. ज्यांच्या आजोबांनी रशियाशी प्राणपणाने झुंज दिली, ते नातू झारसाठी स्वखुशीने कसे लढले?

उत्तर : या घोडदळाचे अधिकृत नाव ‘कॉकेशियन देशी घोडदळ डिव्हिजन’ असे होते. कॉकेशसचे व्हाइसरॉय व्होरोन्त्सोव-दाश्कोव यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९१४ मध्ये झार दुसरा निकोलस याने तिच्या उभारणीला मंजुरी दिली. कबर्दियन, दागेस्तानी, चेचेन, इंगुश, चेर्केस आणि तातार (म्हणजे आजच्या भाषेत अझरबैजानी) अशा तिच्या सहा रेजिमेंट होत्या.

आपल्या प्रश्नातला विरोधाभास खरा आहे. रशियाविरुद्ध लढणाऱ्या डोंगरी जमातींचे नेते इमाम शामिल यांनी १८५९ मध्ये गुनिब येथे शरणागती पत्करली, आणि १८६४ मध्ये पश्चिम कॉकेशस पडल्यावर बहुसंख्य चेर्केसांना मायभूमी सोडून उस्मानी मुलखात जावे लागले. त्याला अवघी पन्नास वर्षे झाली होती. पण तेथील मुस्लिमांना सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती, त्याबदली ते कर भरत. त्यामुळे जो आला तो स्वयंसेवक म्हणून, स्वतःचा मान राखून आला. मराठेशाहीतील शिलेदाराप्रमाणे घोडा, खोगीर, तलवार आणि खंजीर बहुधा त्याचे स्वतःचे असत. बंदूक सरकार देई. त्याला साधा शिपाई न म्हणता ‘स्वार’ म्हणत आणि प्रत्येक रेजिमेंटला स्वतःचा मुल्ला असे. डोंगराळ भागातील गरिबीत नियमित पगाराचेही महत्त्व होते. शिवाय सेनापती म्हणून झारचा धाकटा भाऊ ग्रँड ड्यूक मिखाइल अलेक्सांद्रोविच आला, ही गोष्ट कुळाभिमानी समाजात फार मोठी ठरली. माझ्या मते या तरुणांची निष्ठा साम्राज्य नावाच्या अमूर्त कल्पनेवर नव्हती. ती आपल्या जमातीच्या नावलौकिकावर आणि समोर दिसणाऱ्या सरदारावर होती.

डिव्हिजनला स्वधर्मीय तुर्कांविरुद्ध न पाठवता ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आघाडीवर, गॅलिशियात पाठवण्यात आले. १९१४-१५ च्या हिवाळ्यात कार्पेथियन पर्वतात बर्फ इतके होते की या जन्मजात घोडेस्वारांना अनेकदा पायी लढावे लागले. पुढे नीस्टर नदीकाठच्या लढाया आणि १९१६ चा रशियन सेनापती ब्रुसिलोव्हचा मोठा हल्ला यांत त्यांनी नाव कमावले. मात्र व्यापलेल्या प्रदेशातील नागरिकांची लूट केल्याच्या तक्रारीही त्यांच्यावर झाल्या, आणि शौर्याच्या वर्णनात त्या गाळणे अन्यायाचे होईल.

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर मार्चमध्ये झारने सिंहासन सोडले. त्यानंतर सरसेनापती कोर्निलोव्ह याने जुन्या रशियन पंचांगानुसार ऑगस्टअखेर तेव्हाची राजधानी पेत्रोग्राडवर जे सैन्य धाडले, त्यात हे स्वारही होते. रेल्वे कामगारांनी रूळ उखडून त्यांच्या गाड्या राजधानीच्या अलीकडेच अडवल्या. तेथे मुस्लिम प्रतिनिधींचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटायला आले आणि त्यात इमाम शामिल यांचा नातूही होता. ज्या माणसाने साम्राज्याशी पाव शतक युद्ध केले त्याचा नातू, साम्राज्याच्या गणवेशातील स्वारांना सांगत होता की रशियाच्या अंतर्गत भांडणात आपण रक्त सांडू नये. त्यांच्याशी आणि इतर प्रतिनिधींशी बोलणी झाल्यावर स्वारांनी राजधानीवर चालून जाण्यास नकार दिला. ज्यांना ‘रानटी’ म्हणून राजधानीतील लोक घाबरत होते, त्यांनी त्या प्रसंगी दाखवलेला विवेक मला त्यांच्या कोणत्याही घोडदौडीपेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर हे दल कॉकेशसला परतले आणि १९१८ च्या सुरुवातीस विसर्जित झाले. पुढच्या यादवीत त्याचे स्वार वेगवेगळ्या बाजूंना विभागले गेले : काही जण सेनापती देनिकिनच्या श्वेत, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्यात गेले, तर अनेक इंगुश त्याच सैन्याविरुद्ध लढले. तातार रेजिमेंटमधील लोक १९१८ मध्ये स्थापन झालेल्या अझरबैजानी प्रजासत्ताकाच्या नव्या सैन्यात सामील झाले. मिखाइल अलेक्सांद्रोविच याला त्याच वर्षी जून महिन्यात बोल्शेविकांनी पेर्म शहराजवळ ठार केले.