मधुमेहींची संख्या वाढत असताना त्यांचा मृत्युदर घटला, हे कसे शक्य आहे?

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण मृत्युदर म्हणजे मृत्यूंची एकूण संख्या नव्हे. दर हजार मधुमेहींमागे वर्षभरात किती जण दगावले, हे त्यातून कळते. अमेरिकेतील प्रौढ मधुमेहींमध्ये १९८८ ते १९९४ या काळात हा दर हजारी सुमारे २३ होता, तो २०१० ते २०१५ या काळात सुमारे १५ वर आला. हृदयविकार, पक्षाघात अशा रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू तर हजारी ११ वरून ५ च्या आसपास उतरले. मात्र इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये एवढी घट झालेली नाही.

याचे श्रेय एकट्या साखरेच्या नियंत्रणाला देणे मला पटत नाही. रक्तदाबाची औषधे, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या, कमी झालेले धूम्रपान आणि हृदयविकाराचा झटका आल्यावर वेळेत मिळणारे उपचार यांचा त्यात मोठा वाटा आहे.

हे आकडे वाचताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. १९९७ साली अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने निदानासाठी उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. त्यामुळे १३२ साखर असलेला माणूस, जो आदल्या वर्षी त्या कसोटीवर मधुमेही ठरला नसता, तो आता मधुमेही ठरू लागला. असे सौम्य आजाराचे रुग्ण मोजणीत आले की सरासरी मृत्युदर आपोआप थोडा खाली येतो, त्यामुळे दिसणारी सगळीच घट उपचारांची मानता येत नाही.

शिवाय ही घट सर्वत्र सारखी नाही. मेक्सिको सिटीतील सुमारे दीड लाख प्रौढांच्या दीर्घ पाहणीत ३५ ते ७४ वयोगटातील मधुमेहींचा मृत्युदर मधुमेह नसलेल्यांच्या जवळपास चौपट आढळला. श्रीमंत देशांत हे प्रमाण सहसा दुपटीच्या आत असते. मेक्सिको सिटीतील मधुमेहींची साखर अनियंत्रित होती, रक्तवाहिन्यांना जपणारी औषधे फार थोडे जण घेत होते आणि मूत्रपिंडाच्या विकाराने अनेकांचा बळी घेतला.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणून मेक्सिकोचे हे चित्र मला अधिक अस्वस्थ करते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेकांच्या फायलीत साखरेचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असतात, पण लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी एकदाही झालेली नसते. मूत्रपिंडाची हानी बहुधा आधी तिथेच दिसते, आणि त्या टप्प्यावर रक्तदाब व साखर आटोक्यात आणली तर पुढची झीज बरीच लांबवता येते.