कण पाणी ‘शोषतो’ की ‘ओल धरतो’?

विचारणा अशी आहे: हवेतले सेंद्रिय एरोसॉल कण (हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण) बाष्प घेऊन फुगतात आणि त्यांच्यावर ढगातले थेंब तयार होतात. मग या कणांना ‘जलशोषक’ म्हणावं, ‘आर्द्रताशोषी’ म्हणावं की ‘चिघळणारे’?

‘जलशोषक’ मी टाळेन. त्या शब्दानं टीपकागद डोळ्यांपुढे येतो: पाणी आत मुरलं तरी कागद कागदच राहतो. इथे कणातली विद्राव्य संयुगं आलेल्या पाण्यात विरघळतात आणि कणाचाच द्रावणाचा सूक्ष्म थेंब होतो. ‘आर्द्रताशोषी’तही शोषणं आहेच, पण घेतलंय ते हवेतलं बाष्प, एवढं तरी त्यातून कळतं. शब्द रुळलेलाही आहे. विशेषण म्हणून तोच ठेवावा. क्रियापद मात्र ‘ओल धरणे’. हवेतून हळूहळू, नकळत येणाऱ्या पाण्यासाठी ते मराठीत तयारच आहे. ताज्या काजळीवर पाण्याचे रेणू नुसते पृष्ठभागाला चिकटतात, ते अधिशोषण. त्याला ओल धरणं म्हणू नये.

‘चिघळणे’ची गोष्ट मजेशीर आहे. एरवी जखम चिघळते, वाद चिघळतो. रसायनशास्त्राच्या मराठीत मात्र हवेतलं पाणी घेऊन त्यातच विरघळणाऱ्या पदार्थाला चिघळणारा म्हणतात. शुद्ध मिठाचा कोरडा स्फटिक सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की चिघळतो, अमोनियम सल्फेट 80 च्या सुमारास. (बोलताना आपण ‘मिठाला पाणी सुटलं’ म्हणतो. सुटलेलं ते पाणी मिठातलं नसतंच, हवेतून आलेलं असतं!) सेंद्रिय कणात असंख्य संयुगांची सरमिसळ असते, त्यामुळे असा ठळक उंबरठा सहसा दिसत नाही. आर्द्रता वाढेल तसा कण थोडा थोडा फुगत जातो. म्हणून इथे ‘चिघळणारे’ नको.

सगळेच सेंद्रिय कण सारखी ओल धरत नाहीत, हेही वाक्यात यायला हवं. पेटर्स आणि क्रायडेनवाइस या संशोधकांनी 2007 मध्ये यासाठी ‘कप्पा’ (κ हे ग्रीक अक्षर) हा एकच आकडा सुचवला: आकडा जितका मोठा, तितकी कण जास्त ओल धरतो. अमोनियम सल्फेटचा कप्पा 0.6 च्या आसपास, मिठाचा त्याच्या साधारण दुप्पट, सेंद्रिय कणांचा बहुधा 0 ते 0.3. तेलकट, ताजे कण शून्याजवळ असतात. हवेत त्यांचं ऑक्सिडीकरण होत गेलं की आकडा चढतो.

‘कणांनी ओल धरली आणि ढग झाला’ हे वाक्य मात्र घाईचं आहे. आर्द्रता 100 टक्क्यांखाली असताना फुगलेल्या कणांनी फार तर धुरकं दाट होतं. ढगाच्या थेंबासाठी आर्द्रता 100 च्या किंचित वर जावी लागते; ही वाढ बहुतेकदा एका टक्क्याहूनही कमी असते. इवल्या थेंबाच्या वक्र पृष्ठभागामुळे पाणी उडून जाऊ पाहतं, विरघळलेला पदार्थ ते धरून ठेवतो. स्वीडनच्या हिल्डिंग क्योलर यांचा 1936 चा प्रसिद्ध निबंध या रस्सीखेचीवरच आहे. ठरावीक आकार ओलांडला की बाष्प पुरेल तोवर थेंब आपसूक वाढतो. त्या टप्प्यासाठी ‘कण संघनन केंद्रक (ज्याच्यावर बाष्प जमून थेंब होतो तो कण) म्हणून सक्रिय होतो’ असं लिहावं. जड आहे, पण नेमकं आहे.

आणि ‘सेंद्रिय’चा अर्थ इथे कार्बनी संयुगांचा एवढाच. पाइनच्या वासातून हवेत तयार झालेले कण सेंद्रिय आणि डिझेलच्या धुरातले तेलकट कणही सेंद्रियच.